टुंड्रा आणि माळ

सोलापुराहून पुण्याकडे जाणारा महामार्ग धरला म्हणजे शहर मागे पडल्यावर काही वेळाने चिंचोळीची औद्योगिक वसाहत लागते. कारखान्यांच्या भिंती, पत्र्याची छपरे, विजेचे खांब, उभ्या राहिलेल्या मालमोटारी असा सारा व्याप तेथे पसरलेला आहे. या व्यापाच्या कडेने जमिनीचे जे तुकडे अद्याप मोकळे राहिले आहेत, त्यांच्याकडे सहसा कोणी पाहात नाही. वैशाखाच्या उन्हात तेथे पाहण्यासारखे असणार तरी काय? तांबूस मुरूम, काळे दगड आणि पिवळ्या पडलेल्या गवताचे चार ठोंब. प्रवासी म्हणतो, ‘ओसाड माळ आहे.’ अशा जमिनीचा निकाल सातबाराचा उतारा याहूनही थोडक्यात लावतो. तो म्हणतो, ‘पोटखराबा.’

हा शब्द शेतकऱ्याच्या चांगल्या परिचयाचा आहे. जमिनीच्या पोटातील जो भाग नांगराखाली येत नाही, तो पोटखराबा. १८३५ नंतर इंदापूर तालुक्यापासून आरंभ करून गोल्डस्मिड आणि विंगेट या दोन इंग्रज अधिकाऱ्यांनी मुंबई इलाख्यात जमिनीची पाहणी चालविली. त्या पाहणीत मातीची खोली व रंग पाहून जमिनीची प्रत ठरविण्यात आली आणि त्या प्रतीवरून सारा बांधण्यात आला. सरकारला सारा हवा होता. सारा पिकावर मिळतो. सबब पीक न देणारी जमीन हिशेबातून वगळली गेली. हिशेब म्हणून यात वावगे काही नव्हते. परंतु हिशेबाच्या सोयीसाठी योजलेला शब्द पुढे वस्तुस्थितीचे वर्णन होऊन बसला, आणि जेथे ज्वारी येत नाही तेथे काहीच येत नाही, अशी समजूत लोकांत रूढ झाली.

प्रत्यक्षात त्या खराब ठरलेल्या जमिनीवर चार जुनी घराणी नांदत आहेत. पहिले घराणे गवतांचे. दुसरे शैवाकांचे, म्हणजे दगडावर वा झाडाच्या सालीवर पापुद्र्यासारख्या वाढणाऱ्या त्या वनस्पतींचे, ज्यांतील काहींना गृहिणी दगडफूल म्हणून ओळखतात. तिसरे घराणे हरितांचे. पावसाळ्यात जुन्या भिंतीवर जी हिरवी मखमल पसरते ती यांची. लोक तिलाही शेवाळच म्हणतात. पण तळ्यातील शेवाळाहून तिची जात वेगळी आहे. चौथे घराणे नेच्यांचे. या चारांपैकी फूल येते ते एकट्या गवताला, आणि तेही पाकळ्यांवाचून. बाकीची तिन्ही घराणी फुलाबियांच्या भानगडीत पडत नाहीत. आश्चर्य असे की, पृथ्वीच्या माथ्यावर, उत्तर ध्रुवाभोवतालच्या प्रदेशात, वनस्पतींचा मुख्य पसारा आहे तो याच चार घराण्यांचा.

त्या प्रदेशाला टुंड्रा म्हणतात. रशियन भाषेने हा शब्द उत्तरेकडील सामी लोकांच्या बोलीतून उचलला. त्या बोलीत त्याचा अर्थ झाडे नसलेली उंचवट्याची जमीन असा आहे. मराठीत त्याला जवळचा प्रतिशब्द शोधावयाचा झाल्यास फार दूर जावे लागणार नाही. तो ‘माळ’ हाच होय.

या ध्रुवीय माळाशी भारताचा आता प्रत्यक्ष संबंध जडला आहे. नॉर्वेच्या ताब्यातील स्वालबार्ड बेटांवर नी-ऑलेसुंद या ठिकाणी १ जुलै २००८ रोजी भारताचे ‘हिमाद्री’ हे संशोधनकेंद्र सुरू झाले. हे ठाणे जवळजवळ ७९ उत्तर अक्षांशावर आहे. ऑक्टोबरच्या अखेरीपासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत तेथे सूर्य क्षितिजावर येत नाही, आणि एप्रिलच्या मध्यापासून ऑगस्टच्या अखेरीपर्यंत तो मावळत नाही. जमीन खोलवर बारमाही गोठलेली असते. उन्हाळ्यात वरचा थर काय तो वितळतो, आणि त्या थरात वनस्पतींना आपला सारा संसार दोन-अडीच महिन्यांत उरकून घ्यावा लागतो. विलो जातीचे एक झाड तेथे आहे. परंतु त्याची उंची माणसाच्या बोटाएवढीही भरत नाही. उलट त्या बेटांवर शैवाकांच्या जाती मोजल्या, तर फुलझाडे आणि नेचे यांच्या एकत्रित जातींच्या तिपटीहून त्या अधिक भरतात.

सोलापूर आणि स्वालबार्ड यांच्या हवेत जमीनअस्मानाचे अंतर आहे. येथे उन्हाळ्यात पारा चाळीस अंशांच्या वर चढतो. तेथे हिवाळ्यात तो शून्याच्या पुष्कळ खाली उतरतो. तरीही वनस्पतीच्या दृष्टीने पाहिले, तर दोन्हीकडची मुख्य अडचण एकच आहे, आणि ती पाण्याची. सोलापूर जिल्ह्यात वर्षाला सरासरी सुमारे ५५० मिलिमीटर पाऊस पडतो. तो बहुतेक सारा जून ते ऑक्टोबर या अवधीत येतो, आणि त्याचा खरा जोर भाद्रपद-आश्विनाच्या सुमारास असतो. मुरमाची जमीन उथळ. आलेले पाणी तिच्यात फार काळ टिकत नाही. ध्रुवाकडे पाणी पायाखालीच आहे, परंतु ते गोठलेले. मुळाच्या दृष्टीने ते पाणी नव्हे, दगडच. म्हणजे एके ठिकाणी उन्हाने आणलेला दुष्काळ आणि दुसरे ठिकाणी थंडीने आणलेला दुष्काळ, एवढाच भेद. वर्षातील बहुतेक महिने थांबावयाचे आणि उरलेल्या थोड्या दिवसांत जगून घ्यावयाचे, हा दोन्ही माळांचा कायदा आहे. मोठ्या वृक्षाला आपले उंच शरीर बारा महिने पोसावे लागत असल्यामुळे तो या कायद्याखाली सुखाने राहू शकत नाही. ही चार घराणी राहू शकतात, कारण थांबणे ही त्यांची विद्याच आहे. प्रत्येकाची रीत मात्र निराळी आहे.

प्रथम गवताकडे वळावे. पश्चिम भारतातील गवतांचा शास्त्रीय अभ्यास जुना आहे. फादर ब्लॅटर आणि मॅककॅन यांचा मुंबई इलाख्यातील गवतांवरील ग्रंथ १९३५ साली प्रसिद्ध झाला. पुढे १९७३ साली दबडघाव आणि शंकरनारायण या दोन शास्त्रज्ञांनी सर्व भारतातील गवताळ प्रदेशांचे पाच प्रकार पाडून दाखविले. त्यांपैकी दक्षिण व मध्य भारताच्या पठारावर पसरलेल्या प्रकाराला त्यांनी दोन गवतांच्या कुळांवरून नाव दिले. त्यांतील एका कुळात माळावरचा पवन्या येतो, तर दुसऱ्यात मारवेल. या प्रकाराचा विस्तार त्यांनी सुमारे १७ लक्ष ४० हजार चौरस किलोमीटर इतका सांगितला आहे. चिंचोळीच्या कडेचा मुरमाड तुकडा हा त्या अफाट गालिच्याचाच एक धागा होय.

पवन्या आणि मारवेल ही गुरांची आवडती गवते. माळावर गुरे व मेंढरे बेताने फिरली, तर ती टिकून राहतात. कारण गवताचा वाढता कोंब शेंड्याला नसून जमिनीलगत बुडख्यात असतो; वरचे पाते तोडले तरी खालून पुन्हा फुटवा येतो. परंतु चराई सतत होऊ लागली आणि बुडख्याला विसावा मिळाला नाही, म्हणजे प्रथम ही चांगली गवते मागे हटतात. त्यांच्या जागी कुसळी येते. तीही तुडविली गेली म्हणजे केवळ चार बोटे उंचीची, एका पावसाची सोबतीण अशी हलकी गवते उरतात, आणि शेवटी उघडा मुरूम दिसू लागतो. तेव्हा माळावर कोणते गवत उभे आहे एवढे पाहूनच त्या माळाचे गेल्या कित्येक वर्षांचे चरित्र जाणता माणूस सांगू शकतो. हे ज्ञान मेंढरे घेऊन हिंडणाऱ्या धनगरांना पुस्तकावाचून अवगत आहे.

कुसळीची निंदा सर्वत्र होते. दुसऱ्याच्या डोळ्यातील कुसळ पाहणाऱ्याच्या म्हणीमुळे तर तिचे नाव भाषेतही बदनाम झाले. परंतु तिच्या बीचे यंत्र पाहण्यासारखे आहे. बीच्या एका टोकाला सुईसारखे अणकुचीदार टोक असते आणि दुसऱ्या टोकाला लांब, पीळ घातलेले कुसळ. हवा कोरडी झाली की पीळ घट्ट होतो. दमट झाली की तो सुटतो. रात्रीचे दव आणि दिवसाचे ऊन यांच्या पाळीपाळीने हे कुसळ फिरत राहते, आणि बी आपोआप जमिनीत गिरमिटासारखे शिरते. मेंढीच्या लोकरीत अडकून ते मैलोगणती प्रवासही करते. पुढचा पाऊस येईपर्यंत ते मातीच्या आड सुरक्षित थांबते.

ध्रुवाकडील गवतांपुढे प्रश्न निराळा असतो. तेथे उन्हाळा इतका तोकडा की, फूल येऊन बी पिकेपर्यंत बर्फ पडू लागण्याची भीती. म्हणून पोआ कुळातील एक गवत बियांच्या नादी लागतच नाही. त्याच्या तुऱ्यात बियांऐवजी पाने फुटलेली इवलीशी रोपेच तयार होतात, आणि ती तुऱ्यावरून गळून जमिनीवर रुजतात. अन्न तयार करण्याच्या रीतीतही अंतर आहे. माळावरील पवन्या, मारवेल, कुसळी ही गवते कडक उन्हात थोडक्या पाण्यावर हवेतील कार्बन बांधण्याची एक विशेष युक्ती वापरतात. १९६६ साली ऑस्ट्रेलियात हॅच आणि स्लॅक यांनी तिचा उलगडा केला. ध्रुवाकडील गवतांना ती युक्ती नाही, आणि थंड हवेत तिचा उपयोगही नाही. ती गहू-तांदळाप्रमाणे जुन्या रीतीनेच काम करतात. तथापि दोघांचीही खरी पुंजी जमिनीखाली, मुळांत असते. वर दिसते ते केवळ व्याज.

दुसरे घराणे शैवाकांचे. मऱ्हाटी स्वयंपाकघरात काळ्या किंवा गोड्या मसाल्यात दगडफूल घालतात; परंतु ते फूल नव्हे, आणि बाजारात येणारे बहुतेक दगडफूल दगडावरचेही नव्हे. हिमालयात आणि सह्याद्रीत झाडांच्या सालींवरून ते गोळा केले जाते. इतकेच काय, ते एक वनस्पतीही नव्हे. बुरशी आणि सूक्ष्म शैवल यांनी मांडलेला तो एकत्र संसार आहे. बुरशीने घर बांधावयाचे व ओलावा धरावयाचा, शैवलाने उन्हावर अन्न शिजवावयाचे. १८६७ च्या सुमारास श्वेन्डेनर या स्विस शास्त्रज्ञाने हे प्रथम मांडले, तेव्हा त्या काळच्या अनेक पंडितांनी त्याची थट्टा केली. पुढे त्याचेच म्हणणे खरे ठरले. महाराष्ट्रात पुण्याची आघारकर संशोधन संस्था या विषयाच्या अभ्यासासाठी प्रसिद्ध आहे. महाराष्ट्र विज्ञानवर्धिनी या नावाने १९४६ साली निघालेली ही संस्था; तेथे डॉ. पटवर्धन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सह्याद्रीतील शैवाकांचा दीर्घकाळ अभ्यास केला.

शैवाकाला मूळ नाही. पाणी मिळाले की ते फुगते, न मिळाले की वाळून निपचित पडून राहते. माळावरील काळ्या दगडावर करडे, पिवळसर ठिपके दिसतात ती शैवाकेच. त्यांची वाढ इतकी संथ की, ध्रुवाकडील एका शैवाकाचा घेर वर्षाला एक मिलिमीटरही वाढत नाही. १९५० साली ऑस्ट्रियाच्या रोलांड बेशेल यांनी याच संथपणाचा उपयोग करून घेतला. हिमनदी मागे हटून खडक उघडा पडला, की त्यावर शैवाक वसते. तेव्हा ठिपक्याचा व्यास मोजला म्हणजे खडक केव्हा उघडा पडला हे काढता येते. दगडावरचा तो ठिपका म्हणजे एक घड्याळच झाले.

या संथपणाचे मोल काय, हे बेरिंग समुद्रातील सेंट मॅथ्यू बेटावर दिसून आले. १९४४ साली अमेरिकेच्या किनारा-रक्षक दलाने तेथे २९ रेनडिअर सोडले. बेटावर शैवाकांचा जाड थर होता, आणि हिवाळ्यात रेनडिअरची उपजीविका मुख्यतः त्यावरच चालते. खायला भरपूर आणि शत्रू कोणी नाही, अशा स्थितीत १९६३ पर्यंत त्यांची संख्या सुमारे ६,००० झाली. शैवाकांचा साठा मात्र शतकानुशतकांचा होता. तो खाऊन संपला आणि पायदळी तुडविला गेला. पुढचा हिवाळा कडक आला. १९६६ साली मोजदाद झाली, तेव्हा त्या ६,००० पैकी ४२ उरले होते. मुद्दल खाऊन चैन करणाऱ्याची गत काय होते, याचे याहून स्पष्ट उदाहरण शोधून सापडणार नाही.

शैवाकांचा आणखी एक गुण कारखान्यांच्या परिसरात विशेष लक्षात ठेवण्यासारखा आहे. मुळे नसल्याने त्यांचे सारे घेणे हवेतून. हवेत जे असेल ते, चांगले वा वाईट, त्यांच्या अंगी मुरते. १८६६ साली नायलँडर या शास्त्रज्ञाने दाखवून दिले की, पॅरिस शहराच्या इतर भागांत न आढळणारी शैवाके लक्झेंबर्गच्या बागेत होती, कारण तेथील हवा स्वच्छ होती. १९८६ साली चेर्नोबिलच्या अपघातानंतर वाऱ्याबरोबर गेलेली किरणोत्सर्गी धूळ नॉर्वे-स्वीडनमधील शैवाकांत साठली. तेथून ती रेनडिअरच्या मांसात उतरली आणि सामी लोकांच्या उपजीविकेवरच संकट आले. गंधकाचा धूर तर बहुतेक शैवाकांना मुळीच सोसत नाही. तेव्हा चिंचोळीसारख्या वसाहतीच्या कडेला असलेल्या कडुनिंबाच्या सालीवर कोणती शैवाके आहेत, किती अंतरावर ती वाढतात आणि किती अंतरावर नाहीशी होतात, याची दर काही वर्षांनी नोंद झाली, तर हवेचा इतिहास फुकटात लिहून मिळेल. सोलापूरचे विद्यापीठ याच पुणे रस्त्यावर केगाव येथे आहे. विद्यार्थ्यांना या कामासाठी लागेल ते एवढेच: एक भिंग, एक वही आणि धीर.

तिसरे घराणे हरितांचे. विहिरीच्या कठड्यावर वा जुन्या चिरेबंदी भिंतीवर उन्हाळ्यात जो काळपट कोरडा थर दिसतो, तो मेलेला वाटतो. वळवाचा पहिला शिडकावा होऊ द्या. आत वळलेली इवलीशी पाने थोड्याच वेळात उलगडतात आणि भिंत हिरवी होते. उघड्या मुरमावरही असाच चमत्कार घडतो. तेथे नॉस्टॉक नावाच्या सूक्ष्म जीवांचा वाळलेला, काळा, कागदासारखा पापुद्रा असतो. पावसाबरोबर तो फुगून बुळबुळीत होतो. हे जीव हवेतील नायट्रोजन बांधून मातीला देतात आणि मुरमाचे कण धरून ठेवतात. गवताचे बी ज्या मातीत रुजते, ती माती अशी आधी कोणीतरी तयार केलेली असते.

हरितांच्या थांबण्याला मर्यादा किती, याचे उत्तर कॅनडाच्या उत्तरेकडील एल्समिअर बेटावरून आले. तेथील टिअरड्रॉप नावाची हिमनदी मागे हटू लागली, तेव्हा तिच्या खालून काळवंडलेल्या हरिता उघड्या पडल्या. १५५० ते १८५० या तीन शतकांच्या थंड कालखंडात त्या बर्फाखाली गाडल्या गेल्या होत्या. आल्बर्टा विद्यापीठातील कॅथरीन ला फार्ज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यांचे तुकडे प्रयोगशाळेत वाढवून पाहिले, आणि सुमारे चारशे वर्षे गाडलेल्या त्या तुकड्यांना नवे हिरवे कोंब फुटले. हा शोध २०१३ साली प्रसिद्ध झाला. महाराष्ट्रात शिवछत्रपतींचा जन्मही झाला नव्हता, त्या सुमारास बर्फाखाली झोपलेली वनस्पती एकविसाव्या शतकात जागी झाली.

चौथे घराणे नेच्यांचे. नेचा म्हटला म्हणजे कोकणातील ओलसर दरी डोळ्यांपुढे येते. सोलापूरच्या कोरड्या माळाशी त्याचा संबंध कोणास सुचत नाही. परंतु कोरड्या पठारावरील खडकांच्या फटींत आणि जुन्या कोटांच्या सांदीत मयूरशिखा नावाचा एक चिमुकला नेचा वाढतो. त्याचे पान पंख्यासारखे, ताडाच्या पानाची बाहुलीच जणू. उन्हाळ्यात ते पान मुठीसारखे मिटून घेते आणि पाऊस येताच उघडते. ध्रुवाकडील खडकांच्या फटींतही असाच एक नाजूक नेचा आढळतो. सिस्टॉप्टेरिस हे त्याचे कूळ. तोच हिमालयातही सापडतो. नेच्यांचे बीजाणू धुळीइतके हलके असतात, वारा त्यांना देशोदेशी नेतो. परंतु रुजल्यावर त्यांना एकदा तरी पाण्याचा पातळ थर लागतोच; त्यावाचून त्यांचे पुनरुत्पादन होत नाही. म्हणून फट, सावली आणि थेंबभर ओलावा यांचा आसरा ते शोधतात. जुन्या विहिरीची भिंत सिमेंटने गुळगुळीत केली, की त्या आसऱ्याचा शेवट होतो.

या चार घराण्यांचे काम वर्तमानपत्रात येत नाही, पण ते लहान नाही. ध्रुवाभोवतालच्या गोठलेल्या मातीत हजारो वर्षे अर्धवट कुजून राहिलेल्या हरिता, गवते आणि मुळे यांच्या रूपाने सुमारे १,५०० अब्ज टन कार्बन साठलेला आहे. आजच्या हवेत जितका आहे, त्याच्या जवळजवळ दुप्पट. ही माती वितळू लागली, तर तो कार्बन वायुरूपाने बाहेर पडतो. आणि १९७९ पासूनच्या नोंदी तपासून २०२२ साली शास्त्रज्ञांनी असे दाखविले आहे की, उत्तर ध्रुवाचा प्रदेश उरलेल्या जगाच्या जवळजवळ चौपट वेगाने तापत आहे. त्या उष्णतेबरोबर झुडपे उत्तरेकडे सरकत आहेत, त्यांची सावली वाढत आहे, आणि त्या सावलीखाली उन्हाची सवय असलेली शैवाके मागे हटत आहेत. तेथे हिरवेपणा वाढत आहे. परंतु तो हिरवेपणा हाच तेथील जुन्या रहिवाशांचा काळ ठरत आहे.

हीच गोष्ट सोलापूरच्या माळावर माणसाच्या हाताने घडली, तीही सद्हेतूने. माळ उघडा दिसतो, म्हणून त्यावर झाडे लावावी, असे अनेकांना वाटले. ग्लिरिसिडिया, सुबाभूळ अशी परदेशी झाडे माळामाळांवर लावण्यात आली. झाड लावणे हे पुण्यकर्म खरे. परंतु पुण्यकर्मालाही स्थळकाळ पाहावा लागतो. ज्या जमिनीवर निसर्गाने गवत नेमले, तेथे दाट सावली करणे म्हणजे गवताचा घास काढून घेणे होय. आणि त्या गवताच्या आश्रयाने राहणारे जीव पुष्कळ आहेत: काळवीट, लांडगा, खोकड, तित्तिर, आणि सर्वांत विख्यात असा माळढोक.

माळढोकासाठी सोलापूरच्या उत्तरेस नान्नज येथे १९७९ साली अभयारण्य जाहीर झाले. कागदावर त्याचा विस्तार ८,४९६ चौरस किलोमीटर होता. त्यात गावे, शेते, रस्ते सारे आले. खरा राखलेला माळ मात्र त्यात तुकड्यातुकड्यांनीच होता. पुढे हा विस्तार कमी करून १,२२२ चौरस किलोमीटर करण्यात आला. माळढोकाची मादी वर्षाला बहुधा एकच अंडे घालते आणि तेही उघड्या जमिनीवर. तिला दूरवर दृष्टी पोहोचेल असा मोकळा गवताळ माळ लागतो. २०११ साली जगातील अतिसंकटग्रस्त पक्ष्यांत त्याची गणना झाली. आज सर्व भारतात मिळून हे पक्षी दीडशेपेक्षाही कमी उरले आहेत, आणि नान्नजच्या माळावर त्याचे दर्शन दुर्मीळ झाले आहे. त्याचा नाश एका कारणाने झाला नाही. शिकार, विजेच्या तारा, नांगर, सावली या सर्वांचा त्यात वाटा आहे. परंतु त्या सर्वांच्या मुळाशी एक समजूत होती, आणि ती म्हणजे माळ ही रिकामी जागा आहे.

उद्योगधंदे नकोत, असा याचा अर्थ नव्हे. सोलापूर हे गिरण्यांचे आणि हातमागाचे शहर. माणसांना काम हवे, आणि काम जेथे मिळते तेथे भिंती उभ्या राहणारच. प्रश्न आहे तो भिंतींच्या मधील आणि बाहेरील जागेचा. तेथे करावयाचे ते फारच थोडे आहे. उलट न करावयाचेच अधिक. ज्या पट्ट्यावर बांधकाम व्हावयाचे नाही, तो उगाच खरवडून सपाट करू नये; कारण वरचा बोटभर थर गेला की त्याबरोबर मुळे, बी आणि पापुद्रा सारेच जाते. गवत कापावयाचे ते बी गळून पडल्यावर, म्हणजे दिवाळी उलटल्यावर कापावे. कुरण राखणाऱ्या जुन्या पिढ्यांना हे ठाऊक होते. झाडे लावावयाची ती रस्त्याच्या कडेला, ओढ्याच्या काठी, अंगणात लावावी. मुरमाड माळ गवताला राहू द्यावा. जुन्या विहिरीचे दगड जेथे पक्के आहेत, तेथे त्यांना सिमेंटचा लेप देऊ नये. आणि जो माळ अद्याप शिल्लक आहे, त्याचे वर्णन करताना ‘पडीक’ हा शब्द वापरण्यापूर्वी एक पाऊस पडू द्यावा आणि मग जाऊन पाहावे.

ध्रुवाचा प्रदेश सोलापुरापासून फार दूर आहे, आणि तेथील बर्फ वितळू न देणे हे कोणा एका गावाच्या हाती नाही. परंतु त्याच कायद्याने चालणारा, त्याच चार घराण्यांनी वसविलेला एक माळ प्रत्येक गावाच्या शिवेवर असतो. तो राखणे गावाच्या हाती आहे. शेकडो वर्षे थांबण्याची शक्ती असलेल्या या वनस्पतींना एका दिवसात खरवडून काढता येते. त्या पुन्हा बसविण्यास मात्र माणसाचे एक आयुष्य पुरत नाही. सातबाराच्या उताऱ्यात त्यांच्यासाठी रकाना नाही. तो नाही म्हणूनच त्यांची नोंद लोकांनी आपल्या मनात ठेवली पाहिजे.